बरं वाटल्यावर माणसांत जाऊ, हा हिशोब उलटा आहे

चिंतेचा विकार असलेला माणूस एकटा पडतो, पण बीड जिल्ह्यातल्या वडवणीसारख्या गावात माणसांची काही वाण नाही. पार आहे, हरिनाम सप्ताह आहे, बीड-परळी रस्त्याची वर्दळ आहे, शेजारी न विचारता घरात येतो. तरीही एकटेपण येतं, कारण भीतीपोटी माणूस स्वतःच एकेक जागा सोडत जातो. आधी एसटी सुटते, मग बाजार. लग्नाला गेलाच तर पहिल्या पंगतीला जेवून निघतो. फोन उलटा ठेवतो आणि नंतर ‘रेंज नव्हती’ म्हणून सांगतो. या विकारासह जगणाऱ्यांपैकी मी एक आहे आणि अनुभवाने एकच गोष्ट ठामपणे सांगू शकतो: ‘जरा बरं वाटलं की मग माणसांत जाऊ’ असं ठरवलं तर ते बरं वाटणं लांबतच जातं. माणसांत जाणं हा उपचाराचाच भाग आहे.

असं का, हे समजून घेतलं तर निम्मी लाज गळून पडते. एसटीत बसल्यावर छाती धडधडते, श्वास पुरत नाही, हातापायांना मुंग्या येतात, तोंडाला कोरड पडते, आता आपलं काही खरं नाही असं वाटतं. असा झटका साधारण दहा मिनिटांत टोकाला पोचतो आणि आपोआप ओसरतो. पण माणूस पुढच्या थांब्यावर उतरतो, धडधड थांबते आणि मन धडा घेतं की उतरलो म्हणून वाचलो. बसून राहिलो असतो तरी ती ओसरलीच असती, हे कळायची संधीच त्याला मिळत नाही. टाळाटाळ ही ऊसतोडीच्या मुकादमाकडून घेतलेल्या उचलीसारखी असते; हातात आज सुटका पडते, फेड मात्र पुढचा सगळा हंगाम करावी लागते. म्हणूनच वर्तनोपचारात भीतीच्या जागी थोडं थोडं, पायरीपायरीने जायला आणि भीती उतरेपर्यंत तिथे थांबायला शिकवतात. घरचे मात्र ‘मनावर घेऊ नको, चार माणसांत जा’ म्हणतात आणि एकदम भर जत्रेत नेऊन उभं करतात. त्याने भीती पक्की होण्याचाच धोका जास्त. आधी एका विश्वासाच्या माणसाबरोबर पारावर थोडा वेळ, मग किराणा दुकान, मग तेलगावपर्यंतची एसटी, असा क्रम हवा. आणि सुरुवातीलाच एकदा डॉक्टरांकडून हृदय, रक्त, थायरॉईड तपासून घ्यावं. ईसीजी चांगला आला म्हणजे आपण नाटक करतोय असा अर्थ होत नाही.

माणसांत जा, बोला, यावर सगळ्यात खरी हरकत अशी, की गावात बोललं की पसरतं. पोरीचं लग्न मोडेल, लोक ‘डोक्यावर परिणाम झालाय’ म्हणतील. ही भीती विकाराची नाही, ती अनुभवावर उभी आहे, आणि तिला हसण्यावारी नेणाऱ्याचं मी ऐकणार नाही. पण एकटेपण मोडायला गावभर सांगावं लागत नाही. एका माणसाला सांगितलं तरी पुरतं, आणि तो माणूस नात्यातलाच हवा असंही नाही. तेवढंही जमत नसेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक आहे. २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झालेली केंद्र सरकारची ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. उपचारांची गुप्तता हा तर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दिलेला हक्क आहे.

दुसरी हरकत डॉक्टरांबद्दलची: इथे मानसोपचारतज्ज्ञ आहेत कुठे? टंचाई आहेच. निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत सामान्य मानसिक विकार असलेले सुमारे ८५ टक्के लोक उपचाराविना आढळले. महाराष्ट्र त्या पाहणीत नव्हता, पण मराठवाड्याचं चित्र फार निराळं असेल असं मला वाटत नाही. तरी बीडचं जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय आवाक्यात आहेत. शिवाय प्रत्येक पायरीला तज्ज्ञच लागतो असंही नाही. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगथ’ संस्थेच्या सहकाऱ्यांनी स्थानिक, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांना प्रशिक्षण देऊन नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांसाठी नेमलं. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार सरकारी आरोग्य केंद्रांतले रुग्ण त्यामुळे अधिक प्रमाणात बरे झाले. खासगी दवाखान्यांत तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. मी त्याचा अर्थ असा लावतो, की जिथे रुग्णाचं निवांत ऐकणारं कोणी नसतं तिथे असा माणूस सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. आपल्या आशाताईंना हे शिक्षण नीट, मानधनासह मिळालं पाहिजे. त्यांच्यावर आणखी एक रजिस्टर लादून ते होणार नाही.

‘पोटाची भ्रांत असलेल्यांना हे चोचले कसले’ असंही ऐकू येतं. त्याच राष्ट्रीय पाहणीत कमी उत्पन्नाच्या घरांत हे विकार जास्त आढळले होते. कर्जाची काळजी गोळीने फिटत नाही, हे खरं. पण झोप उडालेला, घराबाहेर पडू न शकणारा माणूस कर्जाशीही झुंजू शकत नाही. इथे तर दसरा-दिवाळीनंतर निम्मी वस्ती कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यांवर जाते. मागे म्हातारी माणसं आणि लेकरं उरतात, आणि गेलेल्याचा दवाखाना मागे राहतो. म्हणून निघण्याआधी डॉक्टरांना हंगामाची कल्पना देऊन गोळ्या आणि केसपेपर बरोबर घ्यावा. चिंतेवरच्या नेहमीच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात; त्या मनाने बंद करू नयेत. मेडिकलवरून कुणाच्या सांगण्यावरून घेतलेली झोपेची गोळी मात्र टाळावी, तिची सवय लागते. फडावर कोपीशेजारच्या एका तरी माणसाला आपला त्रास सांगून ठेवावा: झटका आला तर काय होतं, किती वेळ टिकतं, आणि तेव्हा वारा घालत गर्दी न करता फक्त जवळ बसायचं.