नगरसेवक व्हायचंय, पण श्रद्धेचं काय?

प्रश्न : मी वसईची, कॅथलिक. महापालिकेची निवडणूक लढवावी असं मनात आहे. आई म्हणते, राजकारणात गेलीस की श्रद्धा संपली. मैत्रिणी म्हणतात, देश धर्मनिरपेक्ष आहे, क्रूस घरीच ठेव. शिवाय भूमिपूजनाला नारळ फोडावा लागेल, त्याचं काय?
– एक वाचक, वसई

उत्तर : ताई, धर्मनिरपेक्ष राहण्याचं बंधन शासनावर आहे, तुमच्या गळ्यातल्या क्रूसावर नाही. संविधानाचं कलम २५ श्रद्धेचं स्वातंत्र्य देतं. चर्चचा कायदा सत्तापदापासून रोखतो तो धर्मगुरूंना, प्रापंचिकांना नव्हे. उलट दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं (१९६२–६५) राजकारणातून लोकसेवा करणाऱ्यांचं कौतुकच केलं आहे. तुमच्याच वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो हिरव्या वसईसाठी सर्व धर्मांच्या लोकांसोबत रस्त्यावर उतरले होते.

नारळाची अडचण मात्र खरी आहे. काहीजण तो सामाजिक रिवाज मानून फोडतात. तुमचं मन कचरत असेल तर फोडू नका. कार्यक्रमाला जा, आदरानं उभ्या राहा, नारळ वॉर्डातल्या एखाद्या ज्येष्ठाच्या हाती द्या आणि पहिली कुदळ तुम्ही मारा. फक्त संयोजकांना हे आदल्या दिवशीच सांगा. ऐनवेळच्या नकारानं माणसं दुखावतात.

एक काळजी घ्या. धर्माच्या नावावर मत मागू नका, स्वतःच्याही नाही आणि मतदाराच्याही नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याचा हा अर्थ सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये स्पष्ट केला आहे. मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात पत्रकं वाटणंही टाळा.

अर्ज जरूर भरा, आईशी बोलून भरा.