लोखंडी हत्तीची कादंबरी

प्रश्न : ज्यूल व्हर्न यांच्या ‘द स्टीम हाउस’ या दीर्घ कादंबरीचे गुणदोष कोणते? (एक वाचक, हिरकणीवाडी, ता. महाड)

उत्तर : वाफेच्या यंत्रयुगाला कल्पनेने पुढे नेणाऱ्या कथाप्रकारास ‘स्टीमपंक’ म्हणतात, ही संज्ञा १९८७ची असली, तरी १८८०ची ही फ्रेंच कादंबरी त्या प्रकाराची पूर्वज ठरते. तिचे सारे सामर्थ्य पोलादी हत्तीत आहे : पोटात बॉयलर, सोंडेतून धूर आणि मागे चाकांवरची दोन घरे असे हे वाहन व्हर्न इंधन-पाण्याच्या हिशेबासह उभे करतात, त्यामुळे अशक्य गोष्टही पटते. मधल्या भागातील शिकारप्रकरणे मात्र इतकी लांबतात की कथानक जागीच खिळते. त्याहून गंभीर दोष दृष्टीचा आहे. कर्जतजवळच्या वेणगावी जन्मलेल्या नानासाहेब पेशव्यांना पकडण्याच्या जाहीरनाम्याने औरंगाबादेत कथा सुरू होते. व्हर्न इंग्रजांच्या अत्याचारांचीही नोंद करतात, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे द्योतक होय, परंतु सहानुभूती अखेरपर्यंत कथेचा इंग्रज नायक कर्नल मन्रो याच्याकडेच राहते आणि नानासाहेब सूडाने पेटलेले खलनायक एवढेच उरतात, इंग्रजांनी त्यांचा तनखा हिरावण्यातला अन्याय कथेच्या केंद्रस्थानी कधीच येत नाही. तरीही मराठी वाचकाने ही कादंबरी अवश्य वाचावी. शिकारीची प्रकरणे चाळली तरी चालतील.