सायकलचा गॉगल: पैसे कशाचे मोजायचे?

विरारहून सकाळी सायकलने अर्नाळ्याला जाताना ऊन पाठीवर असतं, परतताना तेच थेट डोळ्यांत येतं. वज्रेश्वरीच्या वाटेवर नेमकं उलट, शिवाय हायवेला डंपरमागे उडणारी बारीक खडी असतेच. त्यामुळे हेल्मेटनंतरची पहिली खरेदी गॉगलचीच असावी.

स्टेशनबाहेर शंभर-दीडशेला मिळणारा काळाकुट्ट गॉगल मात्र भरवशाचा नाही. काच काळी असली की डोळ्याची बाहुली मोठी होते. त्या काचेने अतिनील किरण अडवले नाहीत तर ते जास्तच आत शिरतात. मोतीबिंदूला हे किरण हातभार लावतात. बुबुळावर मांस चढण्याचा त्रासही वर्षानुवर्षं ऊन, वारा आणि धूळ खाणाऱ्यांना अधिक होतो.

‘यूव्ही ४००’ म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडवणारी काच. पण नुसतं स्टिकर कुणीही चिकटवतं, म्हणून खात्री करून घ्या. बऱ्याच चष्मेवाल्यांकडे तपासणीचं यंत्र असतं. नसेल तर नोटा तपासायचा निळसर दिवा असलेलं दुकान गाठा. दिव्याखाली नोटेवरचे नंबर चमकतात. आता दिवा आणि नोट यांच्यामध्ये गॉगलची काच धरा आणि नोटेकडे बाजूने पाहा. काचेच्या सावलीतली चमक गेली, तर काच काम करते आहे. पूर्ण पारदर्शक पॉलीकार्बोनेटची काचही ही चमक घालवते. म्हणजे काळेपणाचा आणि संरक्षणाचा संबंध नाही.

पॉलीकार्बोनेटचाच आग्रह धरा, कारण खडा लागला तरी त्याचे तुकडे सहसा होत नाहीत. असा साधा सायकलिंग गॉगल साधारण ५०० ते १,२०० रुपयांत येतो. काचा बदलता येणारा संच १,२०० ते २,५००, उन्हाप्रमाणे रंग बदलणारा २,००० ते ४,००० आणि नंबरचा बनवून घेतला तर ३,००० च्या पुढे. भर उन्हासाठी ‘कॅटेगरी ३’ घ्या, ती ८ ते १८ टक्के प्रकाश आत सोडते. ‘कॅटेगरी ४’ रस्त्यावर वापरूच नये. पोलराइज्ड काचेसाठी जादा पैसे मोजू नका. तिच्यातून मोबाइलचा किंवा सायकल कॉम्प्युटरचा स्क्रीन कधी कधी काळा दिसतो आणि ओल्या रस्त्याची चकाकी, म्हणजे घसरण्याची सूचनाही, पुसट होते.

हेल्मेट बरोबर न्या आणि गॉगल त्यासकट घालून पाहा. काड्या हेल्मेटला अडता कामा नयेत, खाली मान घातल्यावर गॉगल नाकावरून घसरू नये, बाजूने वारा येऊ नये. काच गालाला टेकत असेल तर घामाने धुकं धरणारच.

पावसाळ्यासाठी आणि रात्रीसाठी हार्डवेअरच्या दुकानातला पारदर्शक सेफ्टी गॉगल शंभर-दोनशेत मिळतो. समुद्रावरून आल्यावर काच आधी पाण्याखाली धरा. कोरड्या टी-शर्टने पुसलीत तर वाळूचे ओरखडे कायमचे उठतात.

रोज पहाटे निघून ऊन चढल्यावर परतत असाल तर रंग बदलणारी काच घ्या. फक्त रविवारी सायकल काढणाऱ्याला हजाराच्या आतला साधा गॉगल पुरे.