चाकांवरचे घर

*[कोणी हौसेने, तर कोणी पोटासाठी घर बरोबर घेऊन प्रवास करतो. अशा फिरत्या घराची निगा कशी राखावी लागते आणि त्या घरातील मुलांपुढे कोणता प्रश्न उभा राहतो, हे लेखकाने या पाठात आपल्या आठवणींच्या आधारे सांगितले आहे.]*

मागच्या हिवाळ्यात आमच्या शाळेची सहल वेरूळला गेली होती. लेणी पाहून आम्ही बाहेर आलो. जिथे गाड्या उभ्या करतात, तिथे एका मोटारीच्या मागे एक छोटेसे पांढरे घर जोडलेले होते. त्याला दोन चाके होती, दार होते आणि खिडकीला फुलाफुलांचा पडदाही होता. मुले धावतच तिकडे गेली.

"सर, हे घर आहे की गाडी?" एका मुलाने विचारले.

घराचे मालक जवळच उभे होते. ते नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ होते. ते हसून म्हणाले, "दोन्ही! याला कॅरॅव्हॅन म्हणतात. या, आत येऊन पाहा."

मुले चार-चारच्या गटाने आत गेली. एवढ्याशा जागेत दोन माणसांचा बिछाना होता. दिवसा तो दुमडला की त्याचेच बाक होत होते. एका कोपऱ्यात गॅसची शेगडी होती. शेजारी भांडी धुण्याची छोटी मोरी आणि पाण्याची टाकी होती. प्रत्येक कप्प्याला कडी होती. गाडी चालताना आतले सामान बाहेर पडू नये, म्हणून ही काळजी घेतलेली होती.

आठवीतील एक मुलगी म्हणाली, "सर, कॅरॅव्हॅन म्हणजे आपला कारवाँ तर नाही ना?"

मला तिचे कौतुक वाटले. तिने बरोबर ओळखले होते. फारसीतील 'कारवाँ' हा शब्द प्रवास करीत युरोपात गेला आणि इंग्रजीत 'कॅरॅव्हॅन' झाला. आता तोच शब्द चाके लावून आपल्याकडे परत आला आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनासाठी एक धोरणही जाहीर केले.

आपल्या शहराला कारवाँ नवा नाही. सतराव्या शतकात सुरतेहून गोवळकोंड्याला जाणारी वाट औरंगाबादवरून जात असे. त्या वाटेने ताव्हर्निये नावाचा एक फ्रेंच जवाहिऱ्या प्रवास करीत असे. बैलगाडीच्या प्रवासाबद्दल त्याने बरेच लिहून ठेवले आहे. चांगल्या बैलजोडीला त्या काळी ६०० रुपयांच्या आसपास किंमत पडे. निम्मी मजल झाली की बैलांना गव्हाच्या पिठात तूप व गूळ घालून केलेले गोळे देत. संध्याकाळी भरडलेले हरभरे भिजवून खाऊ घालत. म्हणजे प्रवासाला निघणाऱ्याने आधी गाडी ओढणाऱ्याची काळजी घ्यायची, हा नियम फार जुना आहे.

निघण्याची वेळ झाली, तसे ते गृहस्थ कॅरॅव्हॅनची तपासणी करू लागले. त्यांनी टायरमधील हवा मोजली. मोटार आणि कॅरॅव्हॅन यांना जोडणारी कडी हलवून पाहिली. त्या कडीला जोडून एक साखळीही होती. कडी निसटलीच, तर घर रस्त्यावर मोकळे सुटू नये, म्हणून ती साखळी! मागचे दिवे लागतात का, हे त्यांनी पाहिले. गॅस बंद केला. शेवटी चाकाखालचे लाकडी ठोकळे काढले.

"एवढे सगळे रोज करावे लागते?" मी विचारले.

"रोज!" ते म्हणाले. "शिवाय मुक्कामावर पोचलो की आधी चाकाच्या मधोमध हात लावून पाहतो. ते फार तापले असेल, तर आतले ग्रीस संपले किंवा बेअरिंग खराब झाले, असे समजायचे. पावसाळ्यापूर्वी छताचे सांधे पाहायचे. सामान भरताना थोडा भार पुढच्या बाजूला ठेवायचा. तो मागे गेला, की गाडी रस्त्यावर डोलू लागते. घर विकत घेणे सोपे आहे, सर. त्याच्यावरून रोज हात फिरवणे अवघड!"

हे शेवटचे वाक्य ऐकले आणि मला माझे नाना आठवले. तेही अगदी असेच बोलत.

आईचे वडील, म्हणजे माझे नाना, नालबंद होते. पाचोडच्या बाजूला, मोठ्या रस्त्यालगतच्या एका खेड्यात ते राहत. रस्त्याच्या कडेला लिंबाचे झाड होते. त्याखाली त्यांची हातोडी, सांडशी आणि पत्र्यांची पेटी असे. बैलाच्या खुराला ठोकायच्या लोखंडी नालेला आमच्याकडे पत्री म्हणतात. घोड्याचा खूर अखंड असतो, बैलाचा दुभंगलेला असतो. म्हणून बैलाच्या एका पायाला दोन छोट्या पत्र्या लागतात.

दिवाळीच्या सुट्टीत मी नानांकडे जात असे. त्याच दिवसांत ऊसतोड कामगारांच्या बैलगाड्या त्या रस्त्याने जात. नगर जिल्ह्याला आता अहिल्यानगर म्हणतात. तिकडच्या साखर कारखान्यांकडे त्या निघालेल्या असत. डांबरी रस्त्यावर बैलांचे खूर झिजत. मग गाड्या लिंबाखाली थांबत.

साल २००० च्या सुमाराची गोष्ट. मी तेव्हा तिसरीत होतो. एका संध्याकाळी पाच-सहा गाड्या येऊन थांबल्या. एक गाडीवान म्हणाला, "चाचा, डावा बैल लंगडायलाय. जरा बघा."

नानांनी बैलाच्या पाठीवर हात फिरवला. "आधी त्याला पाणी पाजा. दम घेऊ द्या. मग बघू," ते म्हणाले.

बैल शांत झाल्यावर त्याचे पाय दोरीने बांधून त्याला अलगद आडवे केले. नानांनी खूर साफ केला, वाढलेली कड तासली आणि पत्री बसवली. खिळा खुराच्या कडेलाच गेला पाहिजे. तो थोडा जरी आत गेला, तरी जिवंत मांसाला लागतो. नानांचा हात कधी चुकत नसे.

पुढे त्यांनी गाडीही पाहिली. जुन्या काळी गाडीला लाकडी चाके असत. त्यांवर लोखंडी धाव बसवत. धाव गोवऱ्यांच्या जाळात लाल होईपर्यंत तापवत. तापून ती पसरे, मग ती चाकावर चढवून पाणी ओतत. गार होताच ती आकसून चाकाला घट्ट आवळून धरी. या गाडीला मात्र रबरी टायर होते. नानांनी चाकाच्या मधोमध हात लावला. "तापलंय. ग्रीस भरून घ्या," ते म्हणाले. मग त्यांनी सामानाकडे पाहिले. "गाडी उलाळ झालीय, भाऊ. ज्वारीचं पोतं पुढं घ्या."

उलाळ म्हणजे मागच्या बाजूला जड. अशा गाडीचे जू वर उचलले जाते आणि बैलाच्या गळ्याला फास बसतो. भार फार पुढे गेला, तर तो बैलाच्या मानेवर पडतो. कॅरॅव्हॅनचा आणि बैलगाडीचा हिशेब किती सारखा आहे, पाहा!

त्या रात्री गाड्या लिंबाखालीच मुक्कामाला राहिल्या. मी पाहत होतो. आधी बैलांना कडबा टाकला. मग तीन दगडांची चूल मांडली. गाडीत पत्र्याची पेटी, गोधड्या, भांडी, घागर, कोयते आणि डालग्यात दोन कोंबड्या होत्या. गाडीच्या खाली एक झोळी बांधलेली होती. तीत तान्हे मूल झोपले होते. चार-पाच महिन्यांचा संसार त्या दोन चाकांवर होता.

त्यांच्यात माझ्याच वयाची एक मुलगी होती. कंदिलाच्या उजेडात मी उर्दूचे पुस्तक वाचत होतो. ती जवळ येऊन म्हणाली, "तुझं पुस्तक उलटं का उघडतं?"

"उलटं नाही. आमची लिपी उजवीकडून सुरू होते," मी म्हणालो. "तू कितवीत आहेस?"

"तिसरीत. मला बारापर्यंत पाढे येतात. गुरुजी दिवाळीनंतर तेराचा घेणार होते. पण आम्ही निघालो."

मला तेव्हा वीसपर्यंत पाढे येत होते. मी वहीचे एक पान फाडले आणि तेरापासून विसापर्यंतचे पाढे तिला लिहून दिले. ती मराठीत म्हणे, "तेरा दुणे सव्वीस." मी उर्दूत म्हणे, "तेरा दूने छब्बीस." दोघांचे उत्तर मात्र एकच! आम्ही खूप हसलो. तिने ते पान घडी घालून पेटीत ठेवले. पहाटे मी उठलो, तेव्हा लिंबाखाली फक्त चुलीचे तीन दगड होते.

मी नानांना विचारले, "हे लोक घर सोडून का जातात?"

ते म्हणाले, "बेटा, तिकडे ऊस आहे. यांच्याकडे पाऊसही पुरेसा नाही."

पुढे मोठेपणी मी याविषयी अधिक वाचले. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. त्यानंतर अनेक कारखाने निघाले. बीड, जालना, आपला जिल्हा आणि अहिल्यानगरचा कोरडवाहू भाग येथे खरिपाचे पीक निघाले की हाताला काम उरत नाही. १९७२ च्या दुष्काळाने तर अनेक कुटुंबांना गाव सोडायला लावले. मुकादम हंगामापूर्वी पैसे देतो. त्याला उचल म्हणतात. ती काम करून फेडावी लागते. नवरा-बायको मिळून ऊस तोडतात. त्या जोडीलाच 'कोयता' असे नाव पडले आहे. कारखान्याच्या परिसरात पाचट, बांबू आणि प्लॅस्टिकचा कागद यांची कोपी उभारून ते राहतात. पहाटे अंधारातच काम सुरू होते. आता पुष्कळ कामगार ट्रकने किंवा ट्रॅक्टरने जातात. बैल आणि गाड्याही ट्रकात चढवतात.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात, मार्च संपता संपता, त्या गाड्या परत आल्या. मी नेमका नानांकडे होतो. ती मुलगी गाडीतून उडी मारून आली आणि उभ्या उभ्या तेरा, चौदा, पंधरा, सोळा असे पाढे म्हणू लागली. एकही चूक झाली नाही. ते पान पार मळून गेले होते.

"सतराचा?" मी विचारले.

"धाकट्याला सांभाळावं लागलं. वेळच नाही मिळाला," ती म्हणाली.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर तीच गाडी पुन्हा आली. त्या गाडीत ती मुलगी नव्हती. तिची आई म्हणाली, "चाचा, या साली पोरीला आजीपाशी ठेवलं. शाळा बुडू नये म्हणून." एवढे बोलून तिने पदराने डोळे पुसले. नाना काही बोलले नाहीत. त्या दिवशी त्यांनी पत्री मारायचे पैसे घेतले नाहीत.

मुलांनो, आता मी शिक्षक आहे. दिवाळीनंतर वर्गातील एखादी जागा रिकामी दिसली, की मला त्या आईचे डोळे आठवतात. मूल बरोबर नेले तर त्याची शाळा सुटते, मागे ठेवले तर आई सुटते. या दोन्हींतून वाट काढावी लागते. गावात राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे असतात. ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी शासनाने २०२१ साली संत भगवानबाबा वसतिगृह योजना आणली. आईवडिलांबरोबर जाणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड देतात. ते दाखवले, की कामाच्या ठिकाणच्या शाळेत बसता येते. २००९ च्या कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. पण कायदा आपोआप मुलापर्यंत पोचत नाही. कोणीतरी रिकाम्या जागेची चौकशी करावी लागते. ते काम शिक्षकाचे आहे, तसे शेजारी बसणाऱ्या मित्राचेही आहे.

वेरूळहून परतताना मी मुलांना ही सारी हकिकत सांगितली. बसमध्ये सगळे शांत झाले होते. मग मघाचीच मुलगी म्हणाली, "सर, त्या काकांचे घर हौसेचे आणि त्या मुलीचे घर गरजेचे. चाके मात्र दोघांनाही दोनच!"

तिचे म्हणणे खरे होते. हौसेचे घर मनात येईल तेव्हा परत फिरवता येते. गरजेच्या घराला हंगाम संपेपर्यंत परतता येत नाही. म्हणून त्या घरातील मुलांची शाळा आपण सर्वांनी जपायची.

शब्दार्थ

निगा – देखभाल, काळजी
मजल – एका दिवसात चालायचे अंतर
सांडशी – पकडण्याचे लोखंडी हत्यार
धाव – लाकडी चाकावरील लोखंडी पट्टी
जू – बैलांच्या मानेवर ठेवतात ते लाकूड
डालगे – कोंबड्या ठेवण्याची मोठी टोपली
पाचट – उसाचा वाळलेला पाला
कोपी – झोपडी
उचल – कामापूर्वी घेतलेले पैसे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बैलाच्या एका पायाला दोन पत्र्या का लागतात?
(आ) लेखकाने मुलीला काय लिहून दिले?
(इ) 'कोयता' असे कोणाला म्हणतात?

प्र. २. कोण, कोणास म्हणाले?
(अ) "आधी त्याला पाणी पाजा."
(आ) "तुझं पुस्तक उलटं का उघडतं?"

प्र. ३. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) कॅरॅव्हॅन आणि बैलगाडी यांच्या देखभालीत कोणते साम्य आहे?
(आ) नानांनी त्या दिवशी पैसे का घेतले नसावेत?

प्र. ४. नालबंद, मुकादम, हंगाम, कारखाना, सामान हे शब्द उर्दूतही आहेत. प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.

उपक्रम : तुमच्या वर्गातील कोणी कामासाठी परगावी गेले आहे का, याची चौकशी करा. त्याला वर्गातर्फे मराठीत एक पत्र लिहा.