हेवी मेटलची गिटार आणि आमच्या गावची वीणा
(बी.ए. द्वितीय वर्ष)

गेल्या वर्षी युवक महोत्सवात आपल्या महाविद्यालयाच्या लोकसंगीताच्या संघाबरोबर मी टाळ वाजवायला गेलो होतो. आमच्या आधी दुसऱ्या एका महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याने विद्युत-गिटार वाजविली. काळीभोर, दोन टोकदार शिंगांची ती गिटार वाद्यापेक्षा शस्त्रच अधिक वाटत होती. त्याने पहिला आघात केला आणि मंडपातले निम्मे लोक हसले. मागून कोणीतरी ओरडले, "अरे, कर्णा फाटला!" मीही हसलो.

नंतर पडद्यामागे त्याने ती गिटार माझ्या हातात दिली. वायर काढलेली होती. मी तार छेडली, तर आवाज डासाच्या गुणगुणण्याएवढा! इतक्या हळू बोलणाऱ्या वाद्यातून तो गडगडाट निघालाच कसा, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. मी कला शाखेचा विद्यार्थी. तरीही पदार्थविज्ञानाची पुस्तके चाळून आणि प्राध्यापकांना विचारून जे समजले, ते मित्रहो, आपल्यापुढे मांडतो. मात्र त्याआधी घरची एक गोष्ट सांगणे भाग आहे.

माझे गाव राणीसावरगाव, तालुका गंगाखेड. जनाबाईचा हा तालुका. त्यामुळे सप्ताह आमच्या अंगवळणी पडलेला. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. माझे वडील (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) चौथीपर्यंतच शिकले, पण रात्रीच्या पहाऱ्याची वीणा त्यांचीच असे. मी दहावीत असताना कडबा कुट्टीच्या यंत्रात त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरे गेली. तेव्हापासून त्यांनी वीणा घेतली नाही. कोणी आग्रह केला तर म्हणत, "आता टाळच बरा."

आता गिटारकडे वळू. साध्या गिटारचे पोट पोकळ असते. तारेचा कंप त्या पोकळीत मोठा होतो. आपल्या वीणेचा भोपळा हेच काम करतो. हेवी मेटलची गिटार मात्र भरीव लाकडाची असते. याचे कारण आपल्याला देवळातल्या कर्ण्यावरून कळेल. माईक कर्ण्यासमोर आला की शिट्टी वाजते, कारण कर्ण्याचा आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो. पोकळ गिटार मोठ्या स्पीकरपुढे धरली तर तिचे पोट असेच घुमू लागते आणि आवाज आवरत नाही. भरीव लाकूड त्या मानाने कमी हलते. म्हणूनच वायर नसताना ती मुकी भासते.

मग आवाज येतो कोठून? तारांखाली 'पिकअप' नावाचा भाग असतो. त्यात लोहचुंबक व त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वरची पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेढ्यांत सूक्ष्म वीज निर्माण होते. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली शोधलेले हेच ते तत्त्व. परंतु वेढे घरातल्या विजेची घरघरही पकडतात, आणि आवाज वाढविला की घरघरही वाढते. १९५५ साली गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी यावर उपाय काढला. शेजारी शेजारी दोन वेटोळी ठेवायची. दोघांचे वेढे आणि चुंबकाची टोके परस्परविरुद्ध. बाहेरची घरघर दोन्हींत उलटसुलट येऊन पुसली जाते, तारेचा आवाज मात्र दुणावतो. हा 'हम्बकर' हेवी मेटलच्या गिटारचा प्राण होय.

आता 'फाटलेल्या' आवाजाविषयी. ॲम्प्लिफायरला त्याच्या ताकदीपलीकडे रेटले की लहरींचे माथे छाटले जातात, आणि मूळ स्वरात नव्हते असे वरचे अनेक स्वरांश त्यात मिसळतात. कीर्तनात हा दोष ठरतो. हेवी मेटलचा वादक तो मुद्दाम निर्माण करतो. मग तो बहुधा दोनच स्वर एकत्र धरतो : षड्ज आणि पंचम!

हे वाचून मी थबकलो, कारण आमच्या वीणेच्या तारा याच दोन स्वरांत लावतात. कारणही मोठे सुंदर आहे. षड्ज आणि पंचम यांचे प्रमाण दोनास तीन. गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ कंपने करते. तिचा पंचम सुमारे १२३. आवाज फाटला की या दोहोंच्या वजाबाकीचा, म्हणजे ४१ कंपनांचा स्वरही जन्मतो. हा त्या षड्जाचाच खालच्या सप्तकातला षड्ज. म्हणजे कोणीही न वाजविलेला खर्ज आपोआप खाली येऊन उभा राहतो. गांधार धरला तर असे जमत नाही. गिटारच्या पडद्यांवर पंचम जवळजवळ शुद्ध असतो, परंतु गांधार किंचित चढा. फाटलेल्या आवाजात ती चूक अनेक पटींनी टोचते. गोंगाट वाटणाऱ्या या संगीतात सुराचा नियम इतका कडक आहे.

आपल्या तंबोऱ्याची जवारी तरी काय करते? घोडीचा माथा असा घासायचा की तार त्याला निसटती घासत राहावी आणि वरचे स्वरांश खुलावेत. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथली ही कारागिरी एकोणिसाव्या शतकात शिकलगारांनी, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्यांनी सुरू केली. शस्त्रासारखी दिसणारी गिटार पाहून हसताना मला हे ठाऊक नव्हते.

हेवी मेटलचा उगमही कारखान्यातला आहे. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. १९६५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा; म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, त्यांवर कातडे चिकटविले आणि हलक्या तारा लावल्या. त्याच्या 'ब्लॅक सॅबथ' या संघाची पहिली ध्वनिमुद्रिका १९७० मध्ये निघाली. पुढच्या वर्षीच्या ध्वनिमुद्रिकेत त्याने बऱ्याच ठिकाणी तारा तीन अर्धस्वर खाली उतरविल्या. तारा सैल झाल्या, बोटांना सुसह्य झाल्या, आणि आवाज अधिक गंभीर झाला. जगाने त्या गांभीर्याचे अनुकरण केले.

मात्र तार फार उतरविली तर ती लुळी पडते. म्हणून या गिटारी बनविणाऱ्यांनी जाड तारा घेतल्या, काहींनी तारेची लांबी नेहमीच्या ६४८ मिलिमीटरांहून वाढविली. १९९० मध्ये इबानेझ कंपनीने सात तारांची गिटार बाजारात आणली. तिची सातवी तार सुमारे ६२ कंपनांची. आपल्या मुंबईतही २००० साली 'डेमॉनिक रेझरेक्शन' हा मेटल संघ उभा राहिला. एका जखमी कामगाराची सोय अशी कुठल्या कुठे पोचली!

दिवाळीच्या सुटीत मी आयोमीची हकिगत अण्णांना सांगितली. मला वाटले, ते म्हणतील, 'बघ, माणसानं हिंमत सोडू नये.' त्यांनी विचारले, "त्यानं कातडं कशाचं लावलं व्हतं रे?" मला सांगता आले नाही. थोड्या वेळाने ते म्हणाले, "आपल्याला वीणेला कातडं चालायचं नाही." आणि उठून गोठ्यातून सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घेऊन आले.

ट्यूबची टोपी जमली नाही. रबराने तार मुकी वाजते. मग बाटलीचे झाकण तापवून पाहिले, ते बोटावरून घसरते. अखेर आत रबर आणि वर प्लॅस्टिक अशी जोडटोपी त्यांनी केली. ती घालून वीणा छेडली तर आवाज पूर्वीपेक्षा थोडा खणखणीत येतो. आई म्हणाली, "कर्कश वाटतंय." अण्णा म्हणाले, "षड्ज तर लागतोय ना?"

यंदाच्या सप्ताहात त्यांनी रात्री दोन ते चार हा पहारा मागून घेतला. त्या वेळी ऐकायला फारसे कोणी नसते म्हणून. मी टाळ घेऊन शेजारी उभा होतो. टोपी दोनदा निसटली, दोन्ही वेळा मी ती खालून उचलून दिली. वीणा त्यांनी खाली ठेवली नाही.

युवक महोत्सवात मी ज्याला हसलो, त्या विद्यार्थ्याचे नावही मला ठाऊक नाही. हा अंक त्याच्या हाती पडेल की नाही, कोण जाणे. पडला तर त्याने या लेखाला माझी माफी समजावी.