दारूचा परवाना कोर्टात कधी टिकतो, कधी पडतो

दारूचा धंदा आपला नव्हे, मग या पानावर हा विषय कशाला, असे वाचक बंधू विचारतील. धंदा आपला नसला तरी दुकान शेजारी असते. आमच्या कापड दुकानाला लागून वाइन शॉप होते. संध्याकाळी त्याच्या ओट्यावरच ग्लास भरत, बर्फही आतूनच येई. दिवेलागणीनंतर आमच्याकडे बायकांचे गिऱ्हाईक फिरकेनासे झाले.

आम्ही व्यापाऱ्यांनी पहिला अर्ज केला तो दारू वाईट म्हणून. तो फायलीत पडून राहिला. वकीलसाहेब म्हणाले, सरकारनेच फी घेऊन परवाना दिला आहे. शर्त कोठे मोडली ते दाखवा. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याचे (आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा) कलम ५४ हेच पाहते. फी थकली, मालकाने किंवा त्याच्या नोकराने शर्त मोडली, या कायद्याखाली शिक्षा झाली, तर परवाना देणारा अधिकारी लेखी कारणे नोंदवून तो रद्द किंवा निलंबित करू शकतो. वाइन शॉपला बाटली विकण्याची मुभा असते, जागेवर पाजण्याची नाही. आम्ही तारीखवार टिपणे ठेवू लागलो.

दुकानदार म्हणे, व्यापार हा माझा घटनेतला हक्क आहे. कापडाला तो हक्क आहे, वाजवी निर्बंधांसह. दारूला नाही. सुप्रीम कोर्टाने अजमेरच्या कुवरजी भरुचा खटल्यात १९५४ साली सरकारची बाजू उचलून धरली, आणि खोडे डिस्टिलरीजच्या खटल्यात तर दारूच्या व्यापाराचा मूलभूत हक्क नाही असे स्पष्टच सांगितले. मात्र सरकारने परवाने द्यायचे ठरवले, तर अर्जदारांत भेदभाव करता येत नाही, हेही त्याच निकालात आहे.

आमची चूक पुढेच झाली. आम्ही घाई लावली, अधिकाऱ्यानेही घाईत परवाना रद्द केला. नोटिशीत कोणती शर्त, कोणत्या दिवशी मोडली याचा उल्लेखच नव्हता. अपिलात तो हुकूम पडला, आणि दुकानदाराने पेढे वाटले (आमच्याकडेही पाठवले!). मग नव्याने तपासणी झाली, पंचनामा झाला, शर्तीचा क्रमांक घालून नोटीस गेली, त्याचे म्हणणे ऐकून घेतले. हा हुकूम अपिलात टिकला आणि हायकोर्टातही टिकला.

या सगळ्याला सव्वादोन वर्षे लागली. तोवर स्थगितीवर दुकान चालूच होते.