परक्या राजाचा राज्याभिषेक आणि आपला मुलूख

शनिवार, ता. ६ मे २०२३ रोजीं लंडन येथील वेस्टमिन्स्टर अ‍ॅबींत राजे तिसरे चार्ल्स यांस राज्याभिषेक झाला. समारंभ तेथें सकाळीं अकरा वाजतां सुरू झाला, तेव्हां ठाण्याच्या घड्याळांत दुपारचे साडेतीन झाले होते. आपल्याकडे त्या प्रीत्यर्थ ना सुट्टी होती, ना रोषणाई; ज्यांस हौस होती त्यांनीं घरीं बसून तो सोहळा दूरचित्रवाणीवर पाहिला. एके काळीं ह्याच समारंभाकरितां जिल्ह्याजिल्ह्यांच्या कचेऱ्यांवर तोरणें चढत व शाळेंतील मुलांस खाऊ मिळे, हें सांगितलें असतां आजच्या विद्यार्थ्यांस नवल वाटतें. म्हणून त्या काळाची थोडी हकीकत येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम दोन शब्दांतील भेद ध्यानांत घ्यावा. राजा निवर्तला कीं त्याच क्षणीं त्याचा वारस राजा होतो; हें राज्यारोहण. राज्याभिषेक हा पुढें सवडीनें होणारा धर्मविधि. चार्ल्स हे ८ सप्टेंबर २०२२ रोजींच राजे झाले होते. अभिषेक मात्र आठ महिन्यांनीं झाला. त्या विधींत राजास पवित्र तेलाचें अभ्यंजन करितात आणि तेवढा भाग पडद्याआड होतो. आमच्या वाचकांस अभिषेक म्हटला म्हणजे रायगडच आठवेल, आणि तें योग्यच आहे. ता. ६ जून १६७४ रोजीं गागाभट्टांच्या पौरोहित्याखालीं श्रीशिवछत्रपतींस अभिषेक झाला, त्या वेळीं मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन हा नजराणा घेऊन गडावर हजर होता. म्हणजे परक्याच्या राज्याभिषेकास भेटी घेऊन जाण्याचा प्रसंग प्रथम इंग्रजांवर आला होता, आपल्यावर नव्हे!

पुढें काळ फिरला. १७७४ च्या अखेरीस ठाण्याचा किल्ला इंग्रजांनीं घेतला, आणि १८५८ सालीं कंपनीचें राज्य जाऊन व्हिक्टोरिया राणीचा अंमल सुरू झाला. ता. १ जानेवारी १८७७ रोजीं दिल्लीस मोठा दरबार भरवून राणीनें ‘कैसर-इ-हिंद’ ही पदवी धारण केल्याचें जाहीर करण्यांत आलें. त्याच सुमारास दक्षिणेंत भयंकर दुष्काळ पडला होता. त्या झगमगाटांत पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, ज्यांस लोक सार्वजनिक काका म्हणत, ते खादीच्या साध्या पोशाखांत गेले; आणि हिंदी प्रजेस इंग्रज प्रजेच्या बरोबरीचा दर्जा मिळावा अशी मागणी सभेच्या मानपत्रांत होती. अभिनंदन करावें, पण त्याच कागदावर आपलें मागणेंही लिहावें, ही त्या पिढीची रीत आम्हांस फार मार्मिक वाटते.

गांवोगांवच्या समारंभांचा सांचा बहुधा एकच असे. हुकूम वरून येई. अधिकारी अध्यक्षस्थानीं बसत, जाहीरनामा वाचला जाई, नंतर अत्तरगुलाब व पानसुपारी. देवळांत, मशिदींत व चर्चांत राजाच्या दीर्घायुष्याकरितां प्रार्थना होत. गोरगरिबांस अन्न, रात्रीं दिवे व दारूकाम, आणि कांहीं कैद्यांची सुटका. ह्यांत भाग घेणारे सारेच खुशामते होते असें आम्ही म्हणणार नाहीं. कित्येकांची निष्ठा खरी होती. कित्येकांस भीड होती. आणि मुलांस तर पेढा कोणाच्या नांवाचा आहे ह्याशीं कर्तव्यच नसे.

परंतु ह्या दिव्यांमागें अंधारही होता. २२ जून १८९७ रोजीं राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव साजरा झाला, तेव्हां प्लेग मुंबईबाहेर पसरला होता. ठाणें व कल्याणही त्यांतून सुटलीं नव्हतीं. त्याच रात्रीं पुण्यास चापेकर बंधूंनीं रँडवर गोळी झाडली. आणि ठाण्याच्या त्याच किल्ल्यांत, जेथें तुरुंग आहे, १९ एप्रिल १९१० रोजीं अनंत लक्ष्मण कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे व विनायक नारायण देशपांडे ह्या तरुणांस फांशी देण्यांत आलें. त्यानंतर अवघ्या सतरा दिवसांनीं, ६ मे रोजीं, सातवे एडवर्ड निवर्तले व पंचम जॉर्ज गादीवर आले. त्यांचा अभिषेक २२ जून १९११ रोजीं झाला. जेथें तीं तीन घरें शोकांत होतीं, त्याच मुलखांत चौदा महिन्यांनीं दिवे लावण्याचा दिवस आला. तो त्या घरांनीं कसा काढला असेल, ह्याचा वाचकांनींच विचार करावा.

पंचम जॉर्ज हे २ डिसेंबर १९११ रोजीं मुंबईस अपोलो बंदरावर उतरले. गेट वे ऑफ इंडिया ही कमान तेव्हां नव्हती. ती ह्याच आगमनाच्या स्मरणार्थ मागाहून बांधून १९२४ सालीं खुली झाली. ता. १२ डिसेंबरच्या दिल्ली दरबारांत बडोद्याचे सयाजीराव महाराज फारसे दागिने न घालतां आले, एकदांच लवले आणि पाठ वळवून परत फिरले. इंग्रजी पत्रांनीं केवढा गहजब केला! महाराजांस पुढें दिलगिरीचें पत्र द्यावें लागलें.

१९३७ सालीं मात्र वारें बदललें होतें. आठवे एडवर्ड ह्यांनीं डिसेंबर १९३६ मध्यें राज्यत्याग केला. त्यांच्याकरितां ठरलेली १२ मे हीच तारीख कायम ठेवून त्यांचे बंधु सहावे जॉर्ज ह्यांस अभिषेक झाला. काँग्रेसनें लोकांस समारंभांपासून दूर राहण्यास सांगितलें होतें. दिल्लीचा दरबार पुढें ढकलला गेला व तो कधींच भरला नाहीं. २ जून १९५३ रोजीं दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या अभिषेकास पंडित नेहरू गेले, ते प्रजासत्ताकाचे पंतप्रधान म्हणून.

आणि आतां २०२३ सालची गोष्ट. मुंबईच्या डबेवाल्यांनीं राजे चार्ल्स यांस देण्याकरितां पुणेरी पगडी व वारकऱ्यांनीं तयार केलेलें उपरणें घेतलें. २००३ सालीं चार्ल्स त्यांस चर्चगेट स्थानकावर भेटले होते, आणि २००५ सालीं त्यांच्या लग्नास दोघां डबेवाल्यांस लंडनला बोलावणें आलें होतें. ओळखीच्या घरीं कार्य निघालें म्हणजे आहेर करावा, तसा हा आहेर; त्यास कोणाचा हुकूम नव्हता. एक महिना जातो न जातो तोंच, २ जून रोजीं, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस, रायगडावर शिवराज्याभिषेकाच्या तीनशेंपन्नासाव्या वर्षाचा सोहळा झाला.

पालकांस एक विनंति. आजीच्या पेटींत पंचम जॉर्ज यांचा जुना रुपया असल्यास मुलांस अवश्य दाखवावा. १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरील पदकांतला हत्ती लोकांस डुकरासारखा दिसला, फार ओरड झाली, व सरकारास ते रुपये परत घ्यावे लागले. १९१२ पासून हत्तीची सोंड नीट काढलेली आहे. भिंग घेऊन पाहिल्यास ती स्पष्ट दिसते.